जालन्याच्या ताटातला मासा

जालना जिल्ह्यात शिजतो तो मासा मुख्यतः गोड्या पाण्याचा. समुद्रकिनारा इथून तीनशे किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्रीची भिंत, आणि पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. किनाऱ्यावर मासळीचा इतिहास होडीचा, बंदराचा आणि वाऱ्याचा असतो. इथे तो डोहाचा, तलावाचा, धरणाचा आणि शेततळ्याचा आहे. पाणी कुठे साठते, किती महिने टिकते आणि त्यावर हक्क कोणाचा, यावरच इथल्या चुलीवर कोणता मासा चढणार आणि कोणाच्या घरी चढणार हे ठरत आले. आज जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या बाजारात रोहू आणि कटला मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी इथल्या बाजाराला ही जोडी फारशी माहीत नव्हती.

जिल्हा तसा नवा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातले परतूर एकत्र करून तो झाला. नद्या मात्र जुन्याच. दक्षिणेला अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. उत्तरेला पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या गिरिजा, केळणा, जुई, धामणा. मधल्या भागात दुधना, आणि जालना शहराचे जुना जालना व नवा जालना असे दोन भाग करत जाणारी कुंडलिका. गोदावरी सोडली तर यांतली एकही नदी उन्हाळाभर वाहती राहत नसे. पावसाळ्यात लोंढा, दिवाळीपर्यंत निवळ पाणी आणि होळीनंतर फक्त डोह. माशाचा हंगामही तसाच चाले. पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध चढत आणि ओढ्या-नाल्यांत अंडी घालायला शिरत. दिवाळीनंतर पाणी उतरले की खळग्यांत अडकलेली चिल्लीपिल्ली हाताने धरता येत. उन्हाळ्यात डोह आटला की गाव गोळा होऊन तो उपसत असे. वर्षातले चार-पाच महिने मासा, बाकीचे महिने सुकट, हे या भागाचे जुने गणित होते.

देवाधर्मातही मासा आहे. अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे ठाणे आहे आणि नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. टेकडी दुरून माशाच्या आकाराची दिसते, म्हणून देवीला हे नाव पडले, असे परिसरात सांगतात. त्याच वेळी या जिल्ह्यावर माळकऱ्यांचा मोठा प्रभाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली झाला ते जांब घनसावंगी तालुक्यात. गोदाकाठच्या कितीतरी घरांत तुळशीची माळ आहे आणि तिथे मासा शिजत नाही. भोई, कोळी, भिल्ल, नदीकाठच्या दलित वस्त्या, मुसलमान कुटुंबे आणि कुणबी-मराठ्यांची बरीच घरे मासा खात आली. हिंदू घरांत आषाढात आवर्जून, श्रावणात सहसा नाही. एकाच गावात दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदल्या.

या प्रदेशातल्या वस्तीचा काळ बराच मागे जातो. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा व्यापारी मार्गावरच्या एका समृद्ध नगराच्या खुणा सापडल्या. केळणेच्या काठी वसलेल्या त्या नगरात मासा कसा शिजत असेल, याचे वर्णन मात्र हजार-अकराशे वर्षांनंतरच्या ग्रंथाच्या आधारेच करावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी सीमेवर. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. त्यात समुद्रातल्या आणि नदीतल्या माशांचे पस्तीसच्या आसपास प्रकार सांगितले आहेत. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणता चारा आवडतो, गळ कसा टाकावा, हेही आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातली निरीक्षणे किती नेमकी आहेत हे दाखवून दिले. ‘मानसोल्लासा’त पाककृतीही आहेत. माशाचे तुकडे करून धुवायचे, चिंचेच्या कोळात शिजवायचे, गव्हाचे पीठ भुरभुरून तेलात तांबूस तळायचे आणि वरून सैंधव, वेलची, मिरी घालायची. राजवाड्यातले हे पदार्थ गावच्या चुलीवर होत होते असे कोणी म्हणणार नाही. पण दख्खनच्या माशाला आंबटपणा चिंचेचा आणि कुरकुरीतपणा पिठाचा, ही जोडी नऊशे वर्षांची आहे आणि जालन्यात ती आजही मोडलेली नाही.

साठवलेल्या पाण्यातल्या माशाचा काळ जालना शहरात मोती तलावापासून धरता येतो. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा अधिकारी असलेल्या जमशेदखानाने काळी मशीद, सराई आणि हा तलाव बांधला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात खेळवले. तलाव पिण्याच्या पाण्यासाठी होता, माशांसाठी नव्हे. पण दख्खनेत जिथे पाणी बारमाही टिकले, तिथे मरळ, वाम आणि खवल्या आपोआप आल्या, आणि त्यांच्यामागोमाग जाळे घेऊन भोई आले. पुढे एकोणिसाव्या शतकात जालन्याला इंग्रजांची लष्करी छावणी पडली. छावणीत पालख्या वाहायला, पाणी भरायला, स्वयंपाकाला माणसे लागत. भोई हा पालखी वाहणारा आणि मासे धरणारा असा दुहेरी धंद्याचा समाज. उत्तरेकडून पलटणींबरोबर आलेले कहारही तसेच. रस्ते आणि रेल्वे आल्यावर पालखी गेली, मासेमारी उरली.

दख्खनच्या माशांची मराठी नावे शास्त्रात कशी गेली, ही हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेला विल्यम हेन्री साइक्स याने पुण्याच्या बाजूच्या भीमा खोऱ्यातले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना त्याने लॅटिन शब्द शोधत बसण्याऐवजी कोळ्या-भोयांनी सांगितलेली नावेच उचलली. म्हणून आजही शास्त्रीय नावांत खुद्री, कोलस, मुल्या, शिंगटी, मुऱ्हे, इचका हे शब्द जसेच्या तसे बसले आहेत. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात दख्खनच्या महासिराचे नाव घ्यायचे तर ‘खुद्री’ म्हणावेच लागते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या माणसांनी माशांची केलेली वर्गवारी किती बारीक होती, याची ही मोठी पावती आहे. गोदावरी-पूर्णेच्या भोयांकडेही अशीच नावांची संपत्ती होती. त्यातले मरळ, वाम, शिंगाडा, शिवडा, मांगूर, खवली, झिंगा हे शब्द बाजारात टिकले आहेत. बारक्या माशांची नावे मात्र मासे दिसेनासे झाले तशी बोलण्यातूनही चालली आहेत.

जुन्या मासेमारीची साधने साधी होती. गळ, बांबूच्या कामट्यांचे सापळे, उथळ पाण्यात दोघांनी ओढायचे जाळे आणि एकट्याने फेकायचा पाग. पाग फेकणारा गुडघाभर पाण्यात उभा राहतो. दोरीचे टोक डाव्या मनगटाला, जाळ्याचा एक काठ खांद्यावर, दुसरा उजव्या हातात. कंबरेतून वळून तो असा झोका देतो की जाळे हवेतच गोल उघडते आणि काठाला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांसकट एकदम पाण्यावर पडते. गोळ्या तळाला टेकेपर्यंत तो हलत नाही. मग दोरी सावकाश ओढत काठ मिटवत आणतो. नायलॉन येण्याआधी ही जाळी सुती किंवा तागाच्या दोऱ्याची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवावी लागत. जाळे विणणे हे घरातल्या म्हाताऱ्यांचे काम. खोल पाण्यात जायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे. तिची जागा आज थर्माकोलच्या तराफ्याने आणि फुगवलेल्या ट्यूबने घेतली आहे. काही ठिकाणी हिंगणबेटाची फळे ठेचून डोहात टाकत, म्हणजे मासे गुंगी येऊन वर तरंगत.

माशाचा व्यवहार पैशात कमी आणि धान्यात जास्त होई. नवरा रात्री जाळे लावी. बायको सकाळी टोपली डोक्यावर घेऊन चार वाड्या फिरे आणि माशाच्या वाट्याला ज्वारी किंवा डाळ घेऊन येई. वाटा म्हणजे अंदाजाने केलेला ढीग. तराजू नव्हता, त्यामुळे गिऱ्हाईक कोणता वाटा उचलतो यावर घासाघीस चाले. गोदेचे पाणी उतरले की हीच कुटुंबे वाळवंटात टरबूज, खरबूज, काकडीच्या वाड्या लावत. वर्षभराचे पोट नुसत्या माशावर भरत नसे.

नदी कोरडी असे तेव्हा घरात सुकी मासळी असे. बोंबील, सुकट, जवळा किनाऱ्यावरून वाळून येई आणि आठवडी बाजारात पसाऱ्यावर विकली जाई. मनमाडहून औरंगाबाद, जालना करत सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि हा व्यापार सोपा झाला. सुकटाने गरिबाच्या भाकरीला जो आधार दिला त्याचे मोल मोठे आहे. मूठभर सुकट, दोन कांदे, लसूण, तिखट आणि चमचाभर तेल एवढ्यावर सहा माणसांचे जेवण निभावे. महिनोन् महिने न नासणारी आणि शीतपेटी न लागणारी प्रथिने याहून स्वस्त कुठलीच नव्हती.

खरा बदल घडला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्याची सुरुवात जिल्ह्यापासून फार दूर झाली. गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ हे मासे भराभर वाढतात, चवीला चांगले आणि एकमेकांशी भांडत नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच तलावात तिघे सुखाने राहतात. अडचण एकच: साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची वाहती नदी लागते. त्यामुळे बंगालकडच्या नद्यांतून पावसाळ्यात गोळा केलेले बीज डब्यांत भरून रेल्वेने देशभर जाई. वाटेत पुष्कळ मरे, आणि जगे त्यात नको त्या माशांची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांना तलावातच प्रजनन करायला लावले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. त्याच सुमारास, १९५९ साली, जपानमधून चंदेऱ्या आणि हाँगकाँगमधून गवत्या हे मासे देशात आणले गेले. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासाही याच काळात पसरला. आता बीज हवे तेव्हा आणि हवे तितके तयार करता येणार होते. राहिला होता तो पाण्याचा प्रश्न.

तो दुष्काळाने सोडवला. जालना शहरासाठी निजामाच्या काळातच घाणेवाडीचा तलाव बांधला गेला होता आणि त्याचे पाणी उताराने शहरात येत होते. पण जिल्हाभर पाणी साठले ते स्वातंत्र्यानंतर. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणामागे नाथसागर पसरला आणि त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरमधून गेला. मधल्या काळात १९७२चा दुष्काळ आला. लाखो माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला गेली, आणि त्या कामांतून मराठवाड्यात गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पुढे सोमठाण्याचे अप्पर दुधना, जुई, धामणा, जीवरेखा, गल्हाटी, कल्याण, कल्याण गिरिजा हे मध्यम प्रकल्प झाले. निम्न दुधनेचे पाणी परतूर-मंठ्यापर्यंत फुगले. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे आले. ही सगळी कामे पिण्याच्या पाण्यासाठी आणि पिकांसाठी झाली. मासा कोणाच्याही मनात पहिल्या क्रमांकावर नव्हता. पण ज्या आजीने १९७२ साली टोपलीने माती वाहिली, तिच्या नातवंडांच्या ताटात त्याच तलावातला रोहू आला, हे या जिल्ह्याच्या अन्नाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण आहे.

तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. संस्था पावसाळ्यात बीज सोडते. अगदी कोवळ्या बीजाला मत्स्यजिरे म्हणतात. खरोखरच जिऱ्यासारखे दिसते ते. मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. जिरे मोठ्या तलावात सोडले तर मरळ आणि शिवडा ते फस्त करतात, म्हणून बोटभर झालेली बोटुकलीच सोडायची, हे अनुभवाने शिकावे लागले. दहा-बारा महिन्यांत मासा किलोच्या घरात जातो. नदीतल्या मासेमारीत नशिबाचा भाग मोठा होता. तलावातली मासेमारी शेतीसारखी झाली. पेरणी, राखण, कापणी. राखण सर्वांत अवघड, कारण रात्री चोरून जाळे टाकणारे असतात आणि ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटीन वापरणारेही. ठेक्याच्या भांडणांत मूळ भोई कुटुंब नुसते मजूर म्हणून उरल्याची उदाहरणे कमी नाहीत. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाणी वाचले, त्यांना पाण्यावरचा पहिला हक्क असायला हवा होता.

नव्या माशांबरोबर जुन्यांची हानीही झाली. १९५२ साली देशात आणलेली चिलापी (तिलापिया) एकदा तलावात शिरली की निघत नाही. ती वर्षातून अनेकदा विते आणि तलाव तळहाताएवढ्या पिल्लांनी भरून टाकते. थाई मांगूर हा आफ्रिकी मूळचा खादाड मासा सडके मांस घालून घाणेरड्या खड्ड्यांत वाढवला जाऊ लागला. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून तो होतच राहिला. देशी मांगूर लहान आणि हळू वाढणारा. बाजारात त्याच्या नावावर दुसराच खपवला जातो. वाळूउपशाने नद्यांचे तळ खरवडले, बंधाऱ्यांनी चढणीच्या वाटा अडवल्या, आणि वाम, शिंगाडा, मोठ्या खवल्या कमी झाल्या.

मरळ मात्र टिकून आहे. तिला हवेतून श्वास घेता येतो. डोह आटला तरी ओल्या चिखलात ती तग धरते. म्हणूनच ती पाण्याच्या घमेल्यात जिवंत विकली जाते. तिची पिल्ले लालसर घोळक्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतात आणि आई-बाप खाली राखणीला असतात. घोळका दिसला की गळ टाकून आई-बापांना धरणारे असतात. मग पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यायची जुनी रीत आहे. १९४८पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. मृगाच्या दिवशी हैदराबादला दम्यासाठी छोट्या जिवंत मरळीतून औषध देतात, ते घ्यायला मराठवाड्यातूनही माणसे जात आली. त्या औषधाला वैद्यकीय आधार मिळालेला नाही. मरळ पचायला हलकी, चरबी कमी आणि प्रथिने भरपूर, एवढे मात्र खरे.

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. घाणेवाडी कोरडा पडला आणि लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. तलाव आटताना शेवटच्या पाण्यातला सगळा मासा एकदम बाजारात येतो, भाव पडतो, आणि पुढचे वर्षभर काहीच नसते. या फेऱ्यातून बाहेर काढणारी वाट शेततळ्याची. जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाची कामे करून आणि शेततळी खोदून द्राक्षबागा उभ्या केल्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची त्या कामाला साथ होती. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी जिल्हाभर दिसू लागली. बागेसाठी साठवलेल्या त्या पाण्यात शेतकऱ्यांनी मासे सोडून पाहिले. कागदाच्या तळ्यात तळाची माती नसते, म्हणून नैसर्गिक खाद्य कमी. शेण, भाताचा कोंडा आणि पेंड बाहेरून द्यावी लागते. पण चार-पाच घरांचा मासा त्यात सहज निघतो.

शहराच्या बाजारातली मागणीही बदलली आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशाकडचे कामगार आले. रोहू त्यांच्या गावचाच मासा. बर्फातून बांगडा, सुरमई, पापलेटही येतात. समुद्राची मासळी म्हणजे भारी आणि तलावाची म्हणजे हलकी, हा समज मात्र सोडायला हवा. १०० ग्रॅम रोहू किंवा कटल्यात १६ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. हृदयाला चांगली मानली जाणारी ओमेगा-३ चरबी बांगड्यात आणि तारलीत जास्त, हे खरे. पण ज्या पापलेटला किनारा सोडून चार दिवस झाले त्यापेक्षा पहाटे तलावातून निघालेला मृगळ केव्हाही सरस. आणि काट्यासकट चावून खायची बारकी खवली तर हाडांना लागणारा चुना फुकटात देते. श्रीमंताच्या ताटात ती नसते, ही श्रीमंताची चूक.

मासा पारखायची रीत जुनीच आहे. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलला तर आत लालभडक, खवले घट्ट चिकटलेले, बोटाने दाबले तर खड्डा लगेच भरून येणारा. वास पाण्याचा आणि शेवाळाचा यावा, उग्र नको. घरासाठी किलो-दीड किलोचा रोहू चांगला. त्याहून लहान माशात बारीक काटे त्रास देतात, फार मोठ्यात मांस चरबट लागते. विकणारी बाई पायाखाली विळा दाबून बसते. आधी शेपटीकडून डोक्याकडे खवले उडवते, मग पोट फाडून पित्त न फुटू देता आतडे काढते. पित्त फुटले तर सगळा मासा कडू. कल्ले काढते, डोके उभे चिरते आणि आडवे तुकडे पाडते. कटल्याचे डोके टाकायचे नसते. कालवणाला खरी चव त्याचीच. मरळीवर आणि वामेवर बुळबुळीत थर असतो, तो चुलीतल्या राखेने चोळून काढतात.

घरी आणल्यावर तलावाच्या माशाचा मातकट वास घालवणे हे पहिले काम. मीठ आणि हळद चोळून, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवायचे, मग धुवायचे. काही घरांत त्यासाठी ताक वापरतात. जालन्याकडचे कालवण कोकणापेक्षा अगदी वेगळे. ओला नारळ नाही, कोकम नाही. कांदा आणि सुके खोबरे भाजायचे, मूठभर तीळ किंवा शेंगदाणे तव्यावर खमंग करायचे, लसूण-आले-कोथिंबिरीसह पाट्यावर वाटायचे. करडईच्या तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे, काळा मसाला, तिखट, हळद, मग गरम पाणी आणि चिंच. रस्सा चांगला उकळला की तुकडे सोडायचे आणि त्यानंतर पळी फिरवायची नाही, भांडे फडक्याने धरून हलवायचे. दहा-बारा मिनिटांत मासा शिजतो. जास्त उकळला तर काटे सुटून रस्साभर होतात. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ. मुसलमान घरांतला सालन याच कुळातला. त्यात तीळ-शेंगदाणे अधिक, कढीपत्ता असतो आणि चिंच जरा पुढे. तळायचा तर तुकड्यांना ज्वारीचे पीठ किंवा बेसन लावून तव्यावर थोड्या तेलात भाजायचा. कढईभर तेलात तळलेला मासा स्वस्तही राहत नाही आणि पथ्याचाही. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा.

रात्रीचे कालवण सकाळी अधिक मुरते, म्हणून ते मुद्दाम उरवणारी घरे आहेत. उन्हाळ्यात मात्र ते टिकत नाही, आणि मासा ज्या दिवशी आणला त्याच दिवशी शिजवायचा हा बायकांचा नियम शीतपेटी आल्यावरही पुष्कळ घरांत पाळला जातो.

दरवर्षी मृग लागतो आणि पहिल्या दमदार पावसाच्या सुमारास बाजारात गाबोळीने पोट भरलेले मासे दिसू लागतात. ती गाबोळी चवीला उत्तम, पण नदीतल्या एकेका मादीच्या पोटात लाखभर अंडी असतात. मृगापासूनच्या दोन महिन्यांत नदी-ओढ्यातला मासा न घेता तलावाचा घ्यावा. तलावात पुन्हा बोटुकली पडतेच. ओढ्यातल्या खवलीला बीज सोडणारे कोणी नाही.